शिसे वितळवणारी आच आणि पाच मिलिलिटरची कुपी : उत्प्रेरकाविना बायोडिझेलचा इतिहास

१/ २००१ साली ‘फ्युएल’ या नियतकालिकात जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या शिरो साका आणि दादान कुस्दियाना यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रेपसीडचे तेल आणि मिथेनॉल एका बंद पात्रात घालून ते ३५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या माध्यमात बुडवले, तर अवघ्या २४० सेकंदांत बायोडिझेल तयार होते, असे त्यांनी दाखवले होते. विशेष म्हणजे, त्या पात्रात कोणताही उत्प्रेरक नव्हता. प्रचलित पद्धतीत उत्प्रेरक घालूनही याच कामाला साधारण तासभर लागे.

२/ चार मिनिटांत होणारे काम सोडून जगातले बहुतेक कारखाने आजही तासभराची उत्प्रेरकाची पद्धतच का वापरतात? या प्रश्नाचे उत्तर रसायनापेक्षा ते रसायन ज्या पात्रात घडते त्या पात्रात अधिक सापडते. आणि त्या पात्राचा इतिहास इंधनापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो एकोणिसाव्या शतकातल्या मेणबत्त्यांपासून. हा थ्रेड त्या पात्राविषयी आहे.

३/ आधी मूळ अडचण. वनस्पती तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरिनच्या एका कण्याला जोडलेल्या वसाम्लांच्या तीन लांब साखळ्या. या रचनेमुळे तेल दाट असते. डिझेल इंजिनात ते नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते आणि काजळी धरते. ग्लिसरीन बाजूला काढून त्याच्या जागी मिथेनॉल किंवा इथेनॉल जोडले, की एका मोठ्या रेणूचे तीन लहान एस्टर होतात आणि द्रव पातळ होतो. हे एस्टर म्हणजेच बायोडिझेल.

४/ कल्पना जुनी आहे. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीचे एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवले गेले. रुडॉल्फ डिझेलने पुढे १९१२ साली त्याची हकीकत सांगितली. १९३७ साली ब्रुसेल्स विद्यापीठाच्या जी. शाव्हान यांना पाम तेलापासून इथिल एस्टर करून ते इंधन म्हणून वापरण्याचे बेल्जियन पेटंट मिळाले. १९३८ साली ब्रुसेल्स ते लूवाँ या मार्गावर अशा इंधनावर प्रवासी बस धावली. पाम तेल येत होते बेल्जियमच्या ताब्यातील काँगोमधून. वसाहतीच्या तेलावर महानगराची बस, हा त्या काळाचा नेमका ठसा आहे.

५/ पुढे मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्यासारखा अल्कधर्मी उत्प्रेरक ही पद्धत रूढ झाली. ६० अंशांच्या आसपासचे तापमान, साधी टाकी, एक ढवळणी. एवढ्यावर काम भागते. मात्र तेल स्वच्छ हवे. जुन्या, वारंवार तळलेल्या किंवा नीट न साठवलेल्या तेलात सुटी वसाम्ले असतात. ती कॉस्टिक सोड्याला भेटली की साबण होतो. तेलात पाणी असले तर अडचण आणखी वाढते. मग उत्प्रेरक वाया जातो, ग्लिसरीन वेगळे होत नाही आणि इंधन पुन्हा पुन्हा पाण्याने धुवावे लागते.

६/ म्हणजे स्वस्त तेल ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठीच ही पद्धत महाग पडते. उत्प्रेरक वगळला तर साबणाचा प्रश्नच मिटेल, हा विचार इथून येतो. पण उत्प्रेरकाचे काम मग उष्णतेला करावे लागते. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळते. त्याला त्याहून कितीतरी अधिक तापवायचे आणि तरी पात्रात कोंडून ठेवायचे, तर दाब प्रचंड वाढतो. उत्प्रेरक वगळण्याचा अर्थ असा की दाब पेलणारे पात्र बांधावे लागते.

७/ अशा पात्राचा पहिला ठळक दाखला १६७९ सालचा. फ्रेंच संशोधक दनी पापँ याने लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर आपले ‘डायजेस्टर’ मांडले : घट्ट झाकणाचे जाड भांडे, ज्यात हाडेदेखील मऊ शिजत. भांडे फुटू नये म्हणून त्याने वजन लावलेली सुरक्षा झडप बसवली. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी ही त्या झडपेचीच वंशज. कोंडलेली वाफ कामाची असते आणि जीवघेणीही असते, ही दुहेरी जाणीव या उपकरणापासून पुढे सतत सोबत राहिली.

८/ १८२२ साली शार्ल कान्यार द ला तूर याने बंदुकीच्या बंद नळीत द्रव आणि गारगोटीची गोळी घालून ती तापवली. नळी हलवताना द्रवातून जाणाऱ्या गोळीचा आवाज ऐकू येई. विशिष्ट तापमानाच्या वर तो बदलला. द्रव आणि वाफ यांच्यातली सीमाच नाहीशी झाली होती. १८६९ साली बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज याने कार्बन डायऑक्साइडवर मोजमापे करून हा बदल सुमारे ३१ अंशांवर होतो हे दाखवले आणि त्याला ‘क्रांतिक बिंदू’ हे नाव रूढ केले.

९/ आता मेणबत्त्या. फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चरबीची रचना उलगडली. चरबीतील घन वसाम्ले वेगळी काढली तर त्यांच्या मेणबत्त्या चरबीच्या मेणबत्त्यांपेक्षा कडक होतात, धूर कमी करतात आणि वासही कमी येतो. पण वेगळे कसे करायचे? भरपूर चुना घालून साबण करायचा, मग तो गंधकाम्लाने फोडायचा. चुना वाया, आम्ल वाया आणि ग्लिसरीनही बहुधा गटारात.

१०/ या पार्श्वभूमीवर फिलाडेल्फियाचा रसायनतज्ज्ञ रिचर्ड टिल्घमन पुढे आला. त्याचा भाऊ बेंजामिन टिल्घमन याने पुढे कागदाचा लगदा करण्याची सल्फाइट पद्धत आणि वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग घासण्याचे तंत्र शोधले, यावरून त्या घरातल्या उद्योगी वातावरणाची कल्पना येते. १८५४ साली रिचर्डला अमेरिकी पेटंट मिळाले. त्याचा दावा थोडक्यात असा होता : चरबी आणि पाणी पुरेसे तापवा, पाण्याची वाफ होऊ देऊ नका, चरबी आपोआप वसाम्ले आणि ग्लिसरीन यांत फुटेल. चुना नको, आम्लही नको.

११/ त्याने सुचवलेले पात्र पाहण्यासारखे आहे. चरबी आणि तिच्या एक-तृतीयांश ते निम्म्या आकारमानाइतके पाणी घुसळून त्यांचे दुधासारखे मिश्रण करायचे. ते पंपाने लोखंडी नळीच्या वेटोळ्यातून पुढे ढकलायचे. नळी आतून सुमारे अर्धा इंच, बाहेरून एक इंच. इंग्लंडमध्ये घरे उबदार ठेवण्यासाठी पर्किन्सच्या गरम पाण्याच्या यंत्रणेत वापरत तशीच. वेटोळे भट्टीत शिसे वितळेल इतके, म्हणजे ६१२ अंश फॅरनहाइट किंवा सुमारे ३२२ अंश सेल्सिअस तापवायचे. मिश्रण तिथे सुमारे दहा मिनिटे राहायचे. शेवटी थंड होण्याचे वेटोळे आणि दाब धरून ठेवणारी झडप.

१२/ आजच्या भाषेत हा ‘सलग नळी-रिॲक्टर’ झाला. पंप, तापवण्याचे वेटोळे, थांबण्याचा काळ, थंडावा, दाब-झडप : एकविसाव्या शतकातील उत्प्रेरकविरहित बायोडिझेलच्या आराखड्यात हेच पाच भाग याच क्रमाने दिसतात. दाब प्रति चौरस इंच सुमारे २००० पौंडांपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या शंभराहून अधिक पट. १८५४ साली, पोलादनिर्मितीची बेसेमर पद्धतही प्रचारात आलेली नसताना, लोखंडी नळीकडून ही अपेक्षा होती.

१३/ मोठा पिंप न घेता बारीक नळी का? कारण दाब पेलणाऱ्या भिंतीची जाडी साधारणपणे दाब आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. व्यास दहापट केला, तर भिंतही सुमारे दहापट जाड हवी. शिवाय आकारमान घनाच्या आणि पृष्ठभाग वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मोठ्या पात्राच्या पोटापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो. बारीक नळी लवकर तापते, लवकर थंडावते आणि फुटली तरी एका वेळी थोडेच द्रव्य बाहेर पडते.

१४/ यानंतरचा संघर्ष न्यायालयात झाला. सिनसिनाटीची प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी उंच तापमान-दाबाच्या पाण्यानेच चरबी फोडत होती, पण तापमान बरेच कमी ठेवून आणि मिश्रणात थोडा चुना घालून. टिल्घमनच्या मते ही त्याचीच पद्धत होती. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की चुन्यामुळे पद्धत वेगळी ठरते. १८७०च्या दशकात दुसऱ्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टिल्घमनचा दावा संकुचित मानला होता. ऑक्टोबर १८८०च्या सत्रात ‘टिल्घमन विरुद्ध प्रॉक्टर’ या खटल्यात त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

१५/ न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली यांच्या निकालाचा गाभा असा : टिल्घमनचा शोध एखाद्या विशिष्ट यंत्राचा नसून प्रक्रियेचा आहे. उष्ण, कोंडलेले पाणी चरबी फोडते हे तत्त्व वापरात आणण्याची कृती त्याने दिली. तापमान कमी केले किंवा चुना थोडा घातला म्हणून ती कृती दुसऱ्याची होत नाही. प्रक्रियेलाही पेटंट मिळू शकते, या मुद्द्यावर हा खटला अमेरिकी कायद्याच्या अभ्यासात आजही वाचला जातो. उत्प्रेरक हा शब्द त्या वादात नव्हता. वाद मात्र जवळजवळ त्याच गोष्टीचा होता.

१६/ न्यायालयात टिल्घमन जिंकला, कारखान्यांत मात्र चुनाच टिकला. कारण सरळ होते. चिमूटभर चुना घातला की तापमान खाली आणता येई, तापमान खाली आले की दाब उतरे आणि दाब उतरला की साधे बॉयलर पुरत. कारखानदाराच्या दृष्टीने उत्प्रेरक म्हणजे लोखंडावरचा खर्च वाचवणारी गोष्ट होती. पुढची दीडशे वर्षे हाच हिशेब वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिला.

१७/ हिशेब बदलण्यासाठी पोलाद बदलावे लागले. १९१३ साली जर्मनीतील ओप्पाऊ येथे बीएएसएफ कंपनीने उच्च दाबाने अमोनिया बनवण्याचा कारखाना सुरू केला. कार्ल बॉश याने त्यासाठी मऊ लोखंडाचे अस्तर असलेली दुहेरी नळी वापरली. १९२३ साली त्याच कंपनीने लॉयना येथे कृत्रिम मिथेनॉल बनवायला आरंभ केला. ज्या मिथेनॉलवर उत्प्रेरकाविना बायोडिझेल उभे आहे, ते मिथेनॉल स्वतः उत्प्रेरकाच्या साहाय्याने तयार होते, हेही इथे लक्षात ठेवावे.

१८/ १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत उंच मनोऱ्यांतून चरबी फोडण्याची सलग पद्धत आली. ती ‘कोलगेट-एमरी’ या नावाने ओळखली जाते. मनोऱ्यात खालून चरबी वर चढते, वरून पाणी खाली उतरते. तापमान सुमारे २५० अंश, दाब वातावरणाच्या सुमारे पन्नासपट, कालावधी दोन-तीन तास आणि उत्प्रेरक नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलनेही याच सुमारास अशीच पद्धत विकसित केली. ज्या कंपनीने एकेकाळी चुन्याचा आधार घेऊन टिल्घमनशी खटला लढला, तीच कंपनी चांगले पोलाद हाती आल्यावर चुना सोडून केवळ उष्ण पाण्याकडे वळली.

१९/ आता क्योटो. १९९७च्या डिसेंबरमध्ये याच शहरात हवामान बदलाविषयीचा क्योटो करार संमत झाला. त्याच वर्षापासून क्योटो नगरपालिकेने घराघरांतून गोळा केलेल्या वापरलेल्या खाद्यतेलाचे बायोडिझेल करून आपल्या कचरागाड्या चालवायला सुरुवात केली. तळणाचे वापरलेले तेल म्हणजे सुटी वसाम्ले आणि पाणी. उत्प्रेरकाच्या पद्धतीला नको असलेले नेमके तेच तेल. साका यांचे संशोधन याच शहरातल्या विद्यापीठात चालू होते.

२०/ उत्प्रेरकाविना प्रयत्न त्याआधीही झाले होते. १९९८ साली अथेन्सच्या संशोधकांनी सोयाबीन तेल आणि मिथेनॉल २२० आणि २३५ अंशांना उत्प्रेरकाशिवाय तापवून अभिक्रियेचा वेग मोजला. अभिक्रिया होत होती, पण तासन्‌तास लागत होते. मिथेनॉलचा क्रांतिक बिंदू सुमारे २३९ अंश आणि वातावरणाच्या सुमारे ८० पट दाब एवढा आहे. म्हणजे हे प्रयोग त्या सीमेच्या अगदी अलीकडच्या काठावर झाले होते.

२१/ साका आणि कुस्दियाना सीमेपलीकडे गेले. त्यांचे पात्र होते इन्कोनेल-६२५ या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची अवघ्या पाच मिलिलिटरची कुपी. वितळलेल्या कथिलाच्या तापलेल्या कुंडात ती बुडवायची, हलवत राहायचे आणि ठरलेल्या सेकंदांनी काढून थेट पाण्यात टाकायची. तेलाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे ४२ रेणू. आतला दाब ४५ ते ६५ मेगापास्कल, म्हणजे समुद्रात साडेचार ते साडेसहा किलोमीटर खोल गेल्यावर असतो तितका.

२२/ सीमेपलीकडे असे काय घडते? थंड मिथेनॉल आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. मिथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. तापमान वाढते तसे ते बंध सैल होतात, मिथेनॉलची ध्रुवीयता झपाट्याने उतरते आणि तेल त्यात विरघळू लागते. दोन थरांच्या सीमेवर रेंगाळणारी अभिक्रिया मग एकाच थरात सर्वत्र होते. शिवाय सुट्या वसाम्लांचेही थेट एस्टर होतात आणि पाण्याने फारसे बिघडत नाही. क्योटोच्या कचरागाड्यांसाठी आलेल्या तेलाचे दोन्ही दोष इथे निरुपद्रवी ठरतात.

२३/ अडचणी कुपीबाहेर पडल्यावर सुरू होतात. पहिली उष्णतेची : पाच मिलिलिटर काही सेकंदांत तापतात, पाच हजार लिटर तापत नाहीत. दुसरी मिथेनॉलची : ४२ रेणूंपैकी खरे कामी येतात तीनच. वजनात सांगायचे तर एक किलो तेलामागे सुमारे दीड किलो मिथेनॉल तापवावे लागते आणि त्यातले केवळ शंभर-सव्वाशे ग्रॅम इंधनात जाते. उरलेले सगळे पुन्हा गोळा करून पुन्हा तापवायचे. बाहेर पडणाऱ्या गरम द्रवाची उष्णता आत येणाऱ्या थंड द्रवाला दिली नाही, तर हे गणित जुळत नाही.

२४/ तिसरी अडचण खुद्द तेलाची. ३०० अंशांच्या वर, विशेषतः अनेक दुहेरी बंध असलेली वसाम्ले मोडू लागतात. क्योटोच्याच गटाने २००८ साली या स्थैर्याचा अभ्यास करून तापमान ३०० अंशांच्या खाली, शक्यतो २७०च्या आसपास ठेवावे असे सुचवले. म्हणजे ज्या उष्णतेने उत्प्रेरकाची जागा घेतली, तीच इंधन खराब करू लागते. रिॲक्टर रचणाऱ्याला वेग आणि इंधनाचा दर्जा यांच्यामधली अरुंद वाट शोधावी लागते.

२५/ त्या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे २००४ साली कुस्दियाना आणि साका यांनी मांडलेली दोन पायऱ्यांची पद्धत. पहिल्या पात्रात तेल आणि अतितप्त पाणी, सुमारे २७० अंशांना. तेल फुटून वसाम्ले आणि ग्लिसरीन वेगळे होतात. ग्लिसरीन पाण्यासोबत काढून टाकायचे. दुसऱ्या पात्रात वसाम्ले आणि अतिक्रांतिक मिथेनॉल, पुन्हा २७० अंशांनाच. दाब ७ ते २० मेगापास्कलवर येतो. आधीच्या मानाने निम्म्याहूनही कमी.

२६/ इथे क्षणभर थांबावे. यातली पहिली पायरी १८५४च्या टिल्घमनचीच आहे : चरबी, कोंडलेले उष्ण पाणी, उत्प्रेरक नाही. मेणबत्तीसाठी शोधलेली कृती बरोबर दीडशे वर्षांनी मोटारीच्या इंधनाची पहिली पायरी झाली. दाबाचा आकडासुद्धा जुळतो. टिल्घमनचे २००० पौंड म्हणजे सुमारे १४ मेगापास्कल, क्योटोच्या नव्या मर्यादेच्या ऐन मध्यावर.

२७/ इतरांनी दाब उतरवण्याच्या वेगळ्या वाटा शोधल्या. चीनमध्ये २००५ साली प्रोपेन सहद्रावक म्हणून घालून सोयाबीन तेलासाठी २८० अंश आणि सुमारे १३ मेगापास्कल पुरतात असे दाखवले गेले. २००६ साली बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठात नारळ आणि पाम गराची तेले सलग नळी-रिॲक्टरमधून नेली गेली. जपानमध्ये तापलेल्या तेलातून मिथेनॉलच्या वाफेचे बुडबुडे सोडणारा स्तंभ-रिॲक्टर तयार झाला. त्यात दाब साध्या हवेइतकाच, पण वेग कमी. जे दाबात वाचते ते वेळेत मोजावे लागते.

२८/ भारताचा धागाही इथे जुळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिरिधर मद्रास यांच्या गटाने २००४ साली सूर्यफूल तेलावर आणि २००७ साली करंज व मोगली एरंड यांसारख्या अखाद्य तेलांवर अतिक्रांतिक मिथेनॉल आणि इथेनॉलचे प्रयोग प्रसिद्ध केले. करंज महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आणि ओढ्यांकाठी सर्वत्र आढळतो. त्याचे तेल एकेकाळी दिव्यांत जळत असे. अशा तेलात सुटी वसाम्ले बरीच असू शकतात. म्हणून उत्प्रेरकाविना पद्धतीचे आकर्षण आपल्याकडे केवळ पुस्तकी राहत नाही.

२९/ २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडावर आधारित राष्ट्रीय बायोडिझेल मोहिमेची शिफारस केली आणि २० टक्के मिश्रणाचे स्वप्न पाहिले. ते साध्य झाले नाही. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३०पर्यंत ५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेले खाद्यतेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याचा उपक्रम सुरू केला. शेतातल्या बियांवरून भर पुन्हा कढईतल्या उरलेल्या तेलावर आला. म्हणजे क्योटोच्या कचरागाड्यांचा प्रश्न आता मुंबई-पुण्याच्या फरसाणवाल्यांच्या कढईपाशी येऊन पोहोचला आहे.

३०/ एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २००३ साली अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्प्रेरकाविना अभिक्रियेचा अभ्यास करताना नोंदवले की पात्राच्या धातूचा पृष्ठभागही अभिक्रियेला हातभार लावतो. लहान कुपीत द्रवाच्या मानाने भिंत खूप असते. मोठ्या पात्रात ती तुलनेने कमी. म्हणून कुपीतला वेग कारखान्यात जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरता येत नाही. ‘उत्प्रेरकाविना’ या शब्दातही पात्र आपला वाटा मागते.

३१/ दादान कुस्दियाना पुढे मायदेशी, इंडोनेशियात परतले आणि ऊर्जा मंत्रालयात नवीकरणीय ऊर्जेचे महासंचालक झाले. याच देशाने २०२० पासून डिझेलमध्ये ३० टक्के पाम बायोडिझेल मिसळणे बंधनकारक केले. तिथले कारखाने मात्र प्रामुख्याने अल्कधर्मी उत्प्रेरकावरच चालतात. शुद्ध केलेले पाम तेल मुबलक असताना वातावरणाच्या दोनशेपट दाबाची नळी बांधण्याचे कारण कुणाला उरत नाही.

३२/ या इतिहासाला पराभवाची कहाणी म्हणणे घाईचे होईल. उत्प्रेरक काढला की त्याचा भार नाहीसा होत नाही; तो पोलादाच्या भिंतीवर, भट्टीच्या इंधनावर आणि झडप सांभाळणाऱ्या कामगाराच्या सावधगिरीवर जातो. तो भार उचलणे केव्हा परवडते, हे तेल किती खराब आहे आणि पोलाद किती स्वस्त आहे यावर ठरते. टिल्घमनच्या तत्त्वाला योग्य पोलाद मिळेपर्यंत ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली. साकांची कुपी जेमतेम पंचविशीत आहे.